एका कानाची डोकी

बाहुल्यांच्या कारखान्यात तिला सगळे डोळेवाली म्हणत. तिचे डोळे काही फार मोठे नव्हते. ती बाहुल्यांना डोळे बसवायची म्हणून. साच्यातून निघालेली रबरी डोकी तिच्या खोलीत यायची तेव्हा त्यांना केस नसत, गालांवर रंग नसे आणि डोळ्यांच्या जागी दोन भोकं असत. डोकं गरम पाण्यात मऊ करायचं, भोकातून डोळा आत दाबायचा आणि डोकं आपल्या तोंडासमोर धरून नजर सरळ आहे का ते बघायचं. सरळ म्हणजे कशी, तर आपल्याकडे बघेल अशी. मग डोकं गार होऊ द्यायचं. एकदा गार झालं की ते डोळे जन्मभर तसेच.

या कामासाठी तिला पाठ टेकायची खुर्ची होती, खाली उशीसुद्धा होती. सबंध कारखान्यात अशा दोनच खुर्च्या, एक मालकांची आणि एक तिची. बाकीचे स्टुलावर बसत.

कारखान्याचा एक जुना नियम होता. डोकं बिघडलेलं निघालं तर ते भट्टीत टाकायचं, वितळवायचं आणि पुन्हा साच्यात ओतायचं. पण डोळे लागलेलं डोकं भट्टीत टाकायचं नाही. का, ते कोणी कधी विचारलं नव्हतं. डोळे लागायच्या आधीच डोळ्यांत तेल घालून तपासणी होत असल्यामुळे विचारायची वेळ आली नव्हती. तिच्या दारापाशी दोन टोपल्या असत. उजवीकडे चांगली डोकी, डावीकडे बिघडलेली.

त्या सोमवारी तिने डावीकडची टोपली ओढून घेतली आणि सगळ्या डोक्यांना डोळे बसवून टाकले.

डावीकडच्या टोपलीतल्या डोक्यांना डावा कान नव्हता. साच्यात कचरा अडकला होता. एरवी तिला हे दुरून दिसलं असतं. पण त्या सकाळी तिला तीनदा उलटी झाली होती आणि चौथी घशाशी येऊन बसली होती. घरी नुकती रांगायला लागलेली मुलगी होती, आणि पोटात आणखी एक होतं, काही आठवड्यांचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, अजून वेळ आहे, शुक्रवारी या, निर्णय तुमचा. ठेवायचं असेल तर पुढची तपासणी करू, नसेल तर गर्भपात करू. त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की बाहेर आल्यावर तिला वाटलं, आपण दात दाखवायला तर गेलो नव्हतो ना.

तिचं मन तिला माहीत होतं. पहिल्या बाळंतपणानंतर कित्येक महिने ती स्वतःला सापडली नव्हती. मुलगी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतोय का बघायची, आणि लागला की तेवढ्यावर न थांबता पुन्हा बघायची. खिडकीजवळ मुलीला घेऊन उभं राहायची तिला भीती वाटायची, आणि ती भीती खिडकीची नव्हती. आता कुठे, हळूहळू, ती वर आली होती. परत त्या विहिरीत उतरायचं तिच्यात बळ नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती. पण ती कोणाला सांगायला गेलं की साधी राहत नव्हती.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तू म्हणशील तसं. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला पंक्चर काढता काढता विचारलं की माझ्या एका मित्राच्या बायकोचं असं असं आहे, तुम्हाला काय वाटतं. त्याला एकच मित्र होता आणि त्याचं लग्न झालेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गल्लीला सगळं कळलं. दूधवाल्याने दूध ओतता ओतता तिला सांगितलं की ताई, जीव तो जीव. समोरच्या बाई म्हणाल्या की एकावर एक झालेलं बरं, कपडे तरी फिटतात. नवरा घरी येई तो रोज नवं मत घेऊन. एक दिवस ठेवायचं, एक दिवस नाही, जसं शेवटचं गिऱ्हाईक असेल तसं.

सासूबाई मात्र काही बोलत नव्हत्या. त्या नातीला मांडीवर घेऊन बसत आणि बघत राहत.

तर सोमवारी दुपारी टोपली भट्टीपाशी गेली. भट्टी सांभाळणाऱ्याला सगळे भट्टीमामा म्हणत. मामांनी वरचं डोकं उचललं, आणि डोक्याने त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी ते परत टोपलीत ठेवलं, भट्टीचं झाकण लावलं आणि मालकांकडे जाऊन सांगितलं की माझ्याच्याने हे होणार नाही.

मालक आधी हसले. मग नियम त्यांनाही आठवला. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता, मोडायचा कसा? डोळेवाली खाली मान घालून म्हणाली की चूक माझी आहे, मी डोकी पुन्हा गरम करते आणि डोळे काढून घेते, मग झालं.

मामांनी टोपली आपल्या मागे ओढून घेतली.

"डोळे काढणार?" खोकी भरणाऱ्या मावशी म्हणाल्या. "काय बोलतेस तुझं तुला तरी कळतंय का?"

आता ती डोकी भट्टीत जाईनात, विकायला जाईनात, कारण एका कानाची बाहुली घेणार कोण. आणि टोपलीत, जमिनीवर, कचऱ्यासारखी पडलेली तर मामांना बघवेनात. निर्णय होईपर्यंत ती नीट कुठेतरी ठेवावीत असं ठरलं. टेबलावर सामान होतं. फळीवरून ती घरंगळत. मग कोणीतरी एक डोकं स्टुलावर ठेवलं, आणि ते छान बसलं. बुधवार उजाडेपर्यंत कारखान्यातल्या प्रत्येक स्टुलावर एकेक डोकं होतं आणि माणसं उभी होती. केस शिवणाऱ्या बायका उभ्याने केस शिवत होत्या. पाय दुखतात असं कोणी म्हणत नव्हतं, कारण समोर ज्यांना पायच नव्हते ते बसले होते, त्यांच्यापुढे काय बोलणार.

डोळेवालीच्या खुर्चीवर सगळ्यात मोठं डोकं ठेवलं होतं. उशीवर. ती भिंतीला टेकून काम करत होती. पाय सुजत होते, घशाशी आलेलं गिळावं लागत होतं, आणि ते डोकं तिच्याकडे बघत होतं. बघणारच. नजर तिनेच तशी बसवली होती.

गुरुवारी मालकांनी आपल्या मेहुण्यांना बोलावलं. मेहुणे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. मालक त्यांना लग्नातही फारसे विचारत नसत, पण आता गरज पडली होती. प्राध्यापक आले, इकडेतिकडे बसायला बघितलं आणि उभे राहिले. त्यांनी एका खोक्याच्या झाकणावर खडूने लांब रेघ ओढली. या टोकाला डोकी ज्यापासून ओततात ती पावडर, त्या टोकाला खोक्यात भरलेली बाहुली. "आता मला सांगा," ते म्हणाले, "यात बाहुली नेमकी कुठे सुरू होते?"

साचेवाला म्हणाला, ह्यात विचारायचं काय, साच्यातून निघाली की. केस शिवणारी म्हणाली की टकलं डोकं काय कामाचं, केस आले की बाहुली. कपडे शिवणारे मास्तर म्हणाले की नागड्याला कोणी बाहुली म्हणत नाही. मावशींचं म्हणणं, खोक्यात भरेपर्यंत काही खरं नाही, कारण खोक्यावर नाव छापलेलं असतं आणि नाव नाही तोवर कोण कोणाचं? मालकांचं मत पडलं की विकली गेली की बाहुली. जिथे ज्याचं काम, तिथे त्याची रेघ. झाकणावर इतक्या रेघा झाल्या की ते कंगव्यासारखं दिसायला लागलं.

प्राध्यापकांना आनंद झाला. हेच, हेच, असं म्हणत त्यांनी सांगितलं की मधली कुठलीही रेघ धरली तरी तिच्या आदल्या क्षणात आणि नंतरच्या क्षणात फरक दाखवता येत नाही. आज नाही पण उद्या जिची बाहुली होणार आहे, तिला आज बाहुलीचा मान का नाही? यावर सगळे विचारात पडले. मामांनी कोपऱ्यातल्या पावडरच्या पोत्याकडे बघितलं.

अर्ध्या तासाने पोतं मालकांच्या खुर्चीवर होतं.

सुतावरून स्वर्ग गाठायचा तर शिडी लागत नाही. पोत्याला खुर्ची मिळाली तेव्हा जमिनीवर सांडलेल्या पावडरचं काय, असं केस शिवणारीने विचारलं. तेव्हापासून झाडू बंद झाला. सगळे पाऊल बघून टाकायला लागले. पावडर हाताळताना बोटांना चिकटते म्हणून साचेवाल्याने हात धुवायचे बंद केले आणि दोन्ही हात पुढे धरून तो नवरदेवासारखा उभा राहिला. मास्तरांना शंका आली की आपल्या डब्याचं झाकण त्याच मालाचं आहे. त्यांनी डबा उघडला नाही. त्यांना भूक लागली होती, पण त्यांनी उघडला नाही.

डोळेवालीला एक गोष्ट माहीत होती. ती सांगावी की नाही याचा विचार करण्यात तिने सकाळ घालवली होती. आदल्या संध्याकाळी तिने घरी सगळा प्रकार सांगितला होता, आणि सासूबाई तीन दिवसांत पहिल्यांदा बोलल्या होत्या. तिच्या आधी पंधरा-वीस वर्षं डोळ्यांच्या खोलीत सासूबाईच होत्या.

"अगं, डोळ्याच्या मागे लोखंडाची गोळी असते ना," त्या म्हणाल्या होत्या. "आडवं केलं की पापणी मिटावी म्हणून. ती भट्टीत गेली की सगळा माल खराब होतो. एकदा झाला होता. म्हणून मोठे मालक म्हणाले, डोळे लागलेलं भट्टीत टाकायचं नाही. दुसरं काय असणार?"

मग नातीच्या तोंडातला पदर काढत म्हणाल्या, "आणि खुर्ची कसली गं? आमच्या वेळी नव्हतीच. माझे चारही झाले तेव्हा मी उभ्यानेच डोळे बसवत होते. कोणी विचारलं नाही मला, बसतेस का म्हणून. कशालाच विचारलं नाही."

आता डोळेवालीने धीर करून लोखंडाच्या गोळीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. तिला वाटलं होतं की लोक हसतील, कपाळावर हात मारतील आणि आपापल्या स्टुलावर बसतील. मालक खरंच हसायला लागले होते. पण प्राध्यापकांनी बोट वर केलं. नियम करताना कारण चुकीचं होतं म्हणून नियम चुकीचा ठरत नाही, असं ते म्हणाले. मोठ्या मालकांना जे कळलं नाही ते त्यांच्या हातून घडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकदा तासन्‌तास उभं राहिल्यावर ते गोळीसाठी होतं हे कोणाला मान्य होणार?

मामा तिच्याजवळ आले. मामा वाईट माणूस नव्हता. तिच्या मुलीच्या वेळी तिला रात्रपाळी नको म्हणून भांडले होते ते हेच.

"तू आई आहेस ना गं?" त्यांनी हळूच विचारलं. "तुला काहीच वाटत नाही का?"

मामांना गल्लीतली बातमी माहीत होती की नव्हती, कोण जाणे. त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि स्टुलावरचेही. तिच्या पायांत कळ आली. तिला वाटलं, आत्ता ओकारी झाली तर जमिनीवरच्या पावडरवर होईल, आणि मग त्याचाही वाद होईल.

"वाटतं, मामा," ती म्हणाली. "ह्यांची प्रत्येकाची नजर मी बसवली. मला नाही वाटणार तर कोणाला वाटेल? असतील ती माणसं. मी नाही म्हणत नाही, मला ते कळत नाही आणि ह्या साहेबांनाही कळत नाही. पण खुर्ची माझी आहे. आणि मला बसायचंय."

प्राध्यापक खडू हातात फिरवत राहिले. मग ते म्हणाले की हा प्रश्न वेगळा झाला, याचा विचार करावा लागेल.

"बस की मग," मामा म्हणाले. "कोण नको म्हणतंय? त्याला मांडीवर घे आणि बस."

बाकीच्यांना हे पटलं. किती सोपं, आणि आपल्या डोक्यात कसं आलं नाही. मावशी तर पुढे होऊन डोकं उचलून तिच्या हातात द्यायलाच निघाल्या.

"मांडीवर घ्यायचं की नाही," ती म्हणाली, "ते बसल्यावर मी ठरवीन. आधी मला बसू द्या."

तिने स्वतःच डोकं उचललं. मऊ होतं, थोडं कोमट, तीन दिवस उन्हाच्या तिरिपेत बसून होतं म्हणून. आडवं धरल्यावर आतली गोळी घरंगळली आणि पापण्या मिटल्या. तिने ते दोन्ही हातांनी समोर धरलं आणि विचारलं, "कोण घेतंय?"

आणि मग एक गंमत झाली. साचेवाल्याचे हात भरलेले होते. केस शिवणारीचं घर लहान होतं, दोन खोल्यांत सहा माणसं. मास्तरांच्या बायकोला असल्या गोष्टींची भीती वाटायची. मालक म्हणाले की मी घ्यायला तयार आहे पण एक घेतलं तर सगळी घ्यावी लागतील, आणि प्रश्न तत्त्वाचा आहे. मावशी मघाशी पुढे झाल्या होत्या त्या जितक्या झाल्या होत्या तितक्याच मागे गेल्या. प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं. तीन दिवस ज्यांनी त्या डोक्यांसाठी पाय मोडून घेतले, त्यांच्यापैकी एकाच्याही घरात एका डोक्याला जागा नव्हती.

मामा पुढे आले. त्यांनी तिच्या हातून डोकं घेतलं, आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवलं, आणि स्टुलांवरची आणखी दोन-तीन घेतली. उरलेली उद्या नेईन, परवा नेईन, असं म्हणाले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोने नंतर ती सगळी खिडकीत रांगेने मांडली, पण ते नंतर. त्या वेळी मामा तिला एवढंच म्हणाले, "मला जमतं म्हणून मी नेतो. तुला जमायला पाहिजे असं नाही."

ती त्या वाक्यावर नंतर पुष्कळ दिवस विचार करत राहिली. ते त्यांनी डोक्यांबद्दल म्हटलं होतं, की बातमी त्यांना माहीत होती?

ती बसली. पाठ टेकली. उशी कोमट होती. ओकारी आली नाही. हळूहळू एकेक जण आपापल्या स्टुलावर बसू लागला, आधी मास्तर, आणि बसल्याबसल्या त्यांनी डबा उघडला. पोतं मात्र संध्याकाळपर्यंत मालकांच्या खुर्चीवर राहिलं, कारण ते उतरवायचं कोणी हा वाद मिटला नाही.

शुक्रवारी ती दवाखान्यात गेली. नवरा बरोबर होता. बाहेरच्या बाकावर बसल्याबसल्या त्याने शेजारच्या माणसाला विचारायला सुरुवात केली की माझ्या एका मित्राच्या बायकोचं... तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो थांबला. मग तो म्हणाला, माझ्या बायकोचं. आणि पुढे काहीच म्हणाला नाही, तिचा हात तसाच धरून बसला. त्या आठवड्यातलं त्याचं ते एकच वाक्य तिला आवडलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ठरलं?"

"हो. गर्भपातच करायचाय."

"कोणी ठरवलं?"

"मी," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि हात धुवायला गेल्या.

परत आली तेव्हा दुपार होती. पोटात कळा येत होत्या, सांगितल्या होत्या तेवढ्याच. तिला वाटलं होतं की खूप हलकं वाटेल नाहीतर खूप जड वाटेल. दोन्ही वाटलं नाही. वाटलं ते असं की लांबच्या प्रवासाहून आलोय आणि पिशव्या अजून हातातच आहेत. मग जिन्यात तिला थोडं रडू आलं, आणि ते येऊ दिलं.

दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी काही विचारलं नाही. घरात एकच आरामखुर्ची होती, त्यांची. तिच्यावर त्या दुसऱ्या कोणाला बसू देत नसत. मुलाच्या लग्नानंतर सुनेलाही नाही. त्यांनी खुर्चीवरचं लोकरीचं विणकाम उचललं, उशी झटकली आणि म्हणाल्या, "बस."

ती बसली आणि डोळे मिटले. तेवढ्यात मुलगी रांगत आली, खुर्चीचा पाय धरून उभी राहिली, पहिल्यांदाच, आणि आईचं तोंड हाताशी आल्यावर तिने आपलं ओलं, चिकट बोट सरळ तिच्या नाकात घातलं. सासूबाई ओरडल्या की अगं काढ, काढ.

"राहू द्या, आई," डोळेवाली डोळे न उघडता म्हणाली. "ती बघतेय, श्वास लागतोय का."